शीळफाट्यावरचे चौकोन

शीळफाट्याची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा माझ्या एका हातात कंदील होता आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. साल १९७९. कॉलेजचे एक वर्ष वाया घालवून मी डोंबिवलीला घरी बसलो होतो. वडील माझ्याशी बोलत नव्हते आणि आई गरजेपुरतेच बोलत होती. अशा वेळी कोणा ओळखीच्या माणसाने एका सरकारी खात्याच्या वाहनगणतीत मला आठवड्याची रोजंदारी मिळवून दिली. काम सोपे होते. फाट्यावर बसावयाचे आणि येणारेजाणारे प्रत्येक वाहन कागदावर टिपावयाचे. सात दिवस आणि सात रात्री, पाळीपाळीने.

आजच्या वाचकाला त्या वेळचा शीळफाटा डोळ्यांपुढे आणणे अवघड जाईल. पश्चिमेला पारसिकचा डोंगर, दोन्ही अंगांना भातखाचरे, मुंब्र्याकडून येऊन पनवेलकडे जाणारा जुना पुणे रस्ता आणि त्याला येऊन मिळणारी कल्याणची वाट. चहाची एक टपरी. रात्री ट्रक गेला की पुढचा येईपर्यंत बेडकांचे राज्य.

आमच्यावर एक मुकादम होते. खाकी सदरा, तोंडात सुपारी, आणि कागदावर चार उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारण्याची विलक्षण सफाई. छापील तक्त्यात रकाने होते: मोटार, बस, ट्रक, स्कूटर-मोटारसायकल, सायकल, बैलगाडी, हातगाडी; आणि शेवटी, सर्व संकटांवरचा उतारा म्हणून, ‘इतर’. पहिल्याच सकाळी डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या आठदहा बायका डायघरच्या बाजूने एका ओळीत आल्या. मी पेन्सिल उचलली आणि विचारले, “मुकादम, ह्या कुठे घालायच्या?”

ते म्हणाले, “रकाना आहे का?”

“नाही.”

“मग त्या गेल्याच नाहीत.”

मला ते उत्तर तेव्हा विनोदी वाटले होते.

त्या आठवड्यातली आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पाचव्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान मला झोप लागली. जागा झालो तेव्हा कंदील विझलेला होता आणि तक्ता कोरा. मी चौथ्या रात्रीचे आकडे काढले, त्यात दोनचार इकडेतिकडे केले आणि भरून टाकले. मुकादमांनी सही केली. अशा गणत्यांवर रस्त्यांची रुंदी ठरते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

हे सारे आठवावयाचे कारण यंदा दसऱ्यानंतर घडले. माझी नात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अभ्यासासाठी आपल्याकडच्या रस्त्यांचे फोटो हवे होते, म्हणून एका सकाळी मी तिच्याबरोबर शीळफाट्यावर गेलो. फाट्याजवळ एका परिचिताची इमारत आहे. तिच्या गच्चीवरून तिने फोटो काढले. आता तेथे न्हावाशेव्याचे कंटेनर आहेत, कल्याणकडचे नोकरदार आहेत, डोंगर ओलांडून महाप्याला जाणारे आहेत, वरून उड्डाणपूल आहे; आणि अहमदाबादच्या बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरांचा बोगदा, ठाण्याच्या खाडीखालून ७ किलोमीटर जाऊन, उजेडात येणार तोही इथेच. फाट्यावर उभे राहून भातखाचर कुठे होते हे मला बोटाने दाखवता येईना.

घरी येऊन तिने एक फोटो संगणकाला दिला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चित्रावर रंगीत चौकोन उमटले. प्रत्येक चौकोनात एक वस्तू आणि डोक्यावर तिचे नाव. ट्रक. बस. माणूस. माणूस. मोटारसायकल. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. चौकोन खरोखरच वस्तूंना बेताचे बसले होते, शिंप्याने माप घेतल्यासारखे. मग मी नीट मोजू लागलो, आणि माझ्यातला जुना गणतीवाला जागा झाला. चित्रात माणसे होती ४३, यंत्राला सापडली २९. तीन रिक्षांपैकी एक ‘मोटार’ झाली होती, दुसरी ‘ट्रक’, आणि तिसरी यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. उसाची हातगाडी नव्हती. गाडीवरचे बटाटेवडे मात्र त्याने शोधून काढले होते आणि त्यांना ‘संत्री’ ठरवले होते.

नात हसून म्हणाली, “आबा, ह्याला रिक्षा माहीतच नाही. त्याच्या यादीत तो शब्दच नाही.”

म्हणजे रकाना नाही!

त्या क्षणापासून मला ह्या विद्येच्या इतिहासाचे वेड लागले. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि नात शिकवायला तयार होती. जे समजले ते सांगतो.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. आपल्याला फोटोत ट्रक दिसतो, यंत्राला आकडे दिसतात. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची प्रचंड रांगोळी. माझ्या नातीच्या मोबाइलमधल्या एका चित्रात असे एक कोटीहून अधिक ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. ह्या आकड्यांच्या महापुरात ‘इथपासून इथपर्यंत ट्रक’ असे कुठेही लिहिलेले नसते. ढग आला की सगळे आकडे बदलतात, ट्रक मात्र तोच राहतो. माणूस खांबाआड गेला की त्याचे अर्धे आकडे नाहीसे होतात, पण आपण त्याला अर्धा माणूस म्हणत नाही. दोन वर्षांचे मूल जे सहज करते ते यंत्राकडून करवून घेण्यात शहाण्यासुरत्या माणसांची साठ वर्षे गेली.

ह्या साठ वर्षांच्या आरंभी आपल्या मुंबईचा एक माणूस उभा आहे, हे मला मुळीच ठाऊक नव्हते. रंगस्वामी नरसिंहन. मूळचे मद्रासकडचे, अमेरिकेत गणिताची डॉक्टरेट मिळवून ते १९५४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्या वेळी संस्था अपोलो बंदराजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण भारतीय बनावटीचा एक संगणक उभा केला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. रेडिओत असतात तसले सुमारे २,७०० व्हॉल्व त्यात होते आणि स्मरणशक्ती होती २,०४८ शब्दांची. म्हणजे आमच्या शीळफाट्याचा एक फोटोदेखील त्याच्या डोक्यात मावला नसता. पण ह्याच माणसाच्या मनात चित्रांचा प्रश्न घोळू लागला.

तो घोळला अमेरिकेत. १९६१ च्या सुमारास नरसिंहन इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे ‘इलियाक-तीन’ नावाचे यंत्र घडत होते आणि त्याचे काम एकच: फोटो पाहणे. हे फोटो अणुगर्भातून उडालेल्या कणांचे होते. डोनाल्ड ग्लेझर यांनी १९५२ साली बुडबुड्यांची पेटी शोधून काढली होती (त्याबद्दल त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले). उकळीच्या काठावर ठेवलेल्या द्रवातून विजेचा भार असलेला कण गेला की त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची माळ उठते. तिचा फोटो काढावयाचा आणि कण कुठून आला, कुठे फुटला, त्याच्या किती वाटा झाल्या ते शोधावयाचे. एकेका प्रयोगात असे हजारो, लाखो फोटो निघत. ते पाहत बसण्यासाठी मोठमोठ्या प्रयोगशाळांत माणसे नेमलेली असत, बहुतेक स्त्रिया. उजेडाच्या मेजावर फोटो पाडून त्या तासन्‌तास रेघा शोधत आणि टिपत. शोधनिबंधांवर त्यांची नावे क्वचितच आली. मला हे वाचताना आमचा तक्ता आणि कंदील आठवला.

नरसिंहन यांनी १९६२ च्या जुलैत एक अहवाल लिहिला. त्यातली मुख्य कल्पना अशी की, चित्र ओळखणे म्हणजे त्यावर नावाची चिठ्ठी डकवणे नव्हे. चित्राचे वर्णन करता आले पाहिजे, आणि वर्णनाला व्याकरण असते. अक्षरांचे शब्द होतात, शब्दांचे वाक्य होते. तसेच ठिपक्यांचे बुडबुडे, बुडबुड्यांची रेघ, रेघांचा फाटा, आणि फाट्यांची मिळून एक घटना. यंत्राने ह्या पायऱ्या चढत जावयाच्या. म्हणजे पाहा, यंत्राने फोटोत काय शोधावे, तर वाट कुठे फुटते ते! शीळफाट्याच्या माणसाला ह्यापेक्षा जवळची गोष्ट कोणती असणार?

मुंबईस परतल्यावर त्यांनी हाताने काढलेल्या रोमन अक्षरांवर हीच रीत चालवून पाहिली. तो निबंध १९६६ चा. इलियाक-तीन मात्र १९६८ साली आगीत जळाला. पुढे नरसिंहन यांच्या नावाला पद्मश्री लागली, देशातल्या संगणकशास्त्राचे ते आधारस्तंभ मानले गेले आणि २००७ साली निवर्तले; पण चित्रांच्या व्याकरणाची ती वाट जगाने मध्येच सोडली. का सोडली ते पुढे येईलच. मला स्वतःला असे वाटते की, ती वाट चुकली नव्हती, लवकर काढली गेली होती. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, तेव्हा हे मत फाट्यावरच्या चहाइतकेच मोलाचे समजावे.

त्याच १९६६ साली अमेरिकेत एक मौजेची घटना घडली. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात सेमूर पॅपर्ट यांनी जुलै महिन्यात चार पानांच्या आसपासचे एक टिपण काढले. उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांकडून यंत्राची दृष्टी तयार करवून घ्यावी, अशी योजना. आधी चेंडू, विटा आणि नळकांडी ओळखावयाची, आणि जमल्यास पुढे सिगारेटचे पाकीट, कप आणि हत्यारे. सुट्टी संपली, विटाच संपल्या नाहीत. ह्या टिपणाला आज सगळे हसतात, पण मला त्या मंडळींचा हेवा वाटतो. आपले काम किती अवघड आहे हे ठाऊक नसणे हे तरुणपणाचे भांडवल असते.

नंतरची तीसेक वर्षे मी झरझर ओलांडतो. माणसांनी यंत्राला नियम सांगून पाहिले: मोटारीला चाके असतात, चाके गोल असतात, आणि असेच पुढे. वास्तवातले फोटो नियमांना जुमानत नाहीत. चाक चिखलात असते, मोटारीवर ताडपत्री असते, ताडपत्रीवर शेळी बसलेली असते. व्याकरण लिहून संपेना. म्हणून लोकांनी उलटी वाट धरली: यंत्राला नियम सांगू नका, उदाहरणे दाखवा.

२००१ साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी चेहरे शोधणारी एक युक्ती काढली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर असतो, नाकाचा कणा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो. अशा हजारो साध्या तुलनांतून उपयोगाच्या तेवढ्या यंत्रानेच निवडावयाच्या. चित्रावर एक चौकट सरकवत न्यावयाची आणि प्रत्येक ठिकाणी विचारावयाचे, चेहरा आहे का? जेथे उत्तर उघडच ‘नाही’ तेथे पहिल्या दोन प्रश्नांतच निकाल. त्या काळच्या साध्या संगणकावर सेकंदाला १५ चित्रे तपासून होत. कॅमेऱ्यात माणसाच्या तोंडाभोवती चौकोन दिसू लागला तो ह्याच सुमारास. २००५ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी चेहऱ्याऐवजी उभा माणूस घेतला. रंग विसरा, कडा कोणत्या दिशेला झुकतात तेवढे मोजा, असे त्यांचे सूत्र. शर्ट कोणताही असो, खांद्याची उतरण तीच. चालणारी माणसे शोधण्याचे काम त्यानंतर कित्येक वर्षे ह्या सूत्रावर चालले.

मग आली खरी क्रांती, आणि ती झाली ती जमाखर्चाच्या बाजूने. फी-फी ली ह्या विदुषींनी २००९ साली लाखो फोटोंचा एक कोश जगापुढे ठेवला. प्रत्येक फोटोत काय आहे ते माणसांनी पाहून लिहिलेले. ही माणसे होती १६७ देशांतली, जवळजवळ ४९,००० जण, घरी बसून पैशापैशाने काम करणारी. ह्या कोशावर १९८० च्या दशकापासून रखडत आलेली एक रीत, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याची ढोबळ नक्कल, लावून पाहिली तेव्हा २०१२ साली चुकांचे प्रमाण शेकडा २६ वरून एकदम १५ वर आले. जाळे तेच, उदाहरणे मात्र बारा लाख.

पण हे झाले नाव सांगणे. जागा दाखवणे हे वेगळे काम. ‘ह्या फोटोत कुत्रा आहे’ असे म्हणणे निराळे आणि ‘कुत्रा इथे आहे’ असे बोट ठेवणे निराळे. त्यासाठी फोटोवर चौकोन काढलेली उदाहरणे हवीत. २०१४ साली असा एक मोठा संग्रह निघाला: तीन लाखांहून अधिक फोटो, पंचवीस लाख वस्तू, प्रत्येकीची कड माणसाच्या हाताने आखलेली. त्याच साली रॉस गर्शिक यांची रीत आली. चित्रातल्या संभाव्य अशा सुमारे २,००० जागा आधी निवडावयाच्या आणि मग एकेक जाळ्याकडून तपासून घ्यावयाची. अचूक, पण मंद. २०१६ साली जोसेफ रेडमन यांनी तिला वेग दिला. ते म्हणाले, चित्र एकदाच पाहा. चित्रावर सात बाय सात घरांची जाळी टाका, आणि प्रत्येक घराने सांगावे की, माझ्या पोटात कोणा वस्तूचा मध्य आहे काय, असल्यास तिचा चौकोन केवढा. ४९ घरे, प्रत्येकाचे दोन तर्क, एकूण ९८ चौकोन. त्यांतले फुसके गाळावयाचे आणि एकाच वस्तूवर दोन चौकोन पडले तर भरवशाचा तेवढा ठेवावयाचा. सेकंदाला ४५ चित्रे! आणि चौकोन बरोबर की चूक हे कसे ठरवावयाचे? माणसाने काढलेला आणि यंत्राने काढलेला असे दोन्ही एकावर एक ठेवावे. दोघांनी मिळून व्यापलेल्या जागेपैकी निम्मी तरी सामाईक निघाली तर पास. आमच्या शाळेत ३५ ला पास होते, त्यामानाने हे कडकच.

रेडमन यांनी प्रामाणिकपणे आपल्या रीतीची खोडही लिहून ठेवली आहे: लहान वस्तू दाटीने आल्या, पाखरांच्या थव्यासारख्या, की तिला जमत नाही. एका घरात एकच जात मावते ना! शीळफाट्याला संध्याकाळी सहा वाजता दुसरे काय असते? ह्याच रेडमन यांनी २०२० साली हे संशोधन सोडून दिले. आपल्या विद्येचा उपयोग युद्धासाठी आणि माणसांवर पाळत ठेवण्यासाठी होत आहे, हे त्यांना सोसवेना. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वेग आणि पट्टा तपासतात आणि दंडाची चिठ्ठी मोबाइलवर येते. अपघात कमी होत असतील तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पण कॅमेऱ्याला डोळा मिटता येत नाही ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी कधीकाळी मिटला होता म्हणूनही असेल.

आता रिक्षाकडे येऊ. ज्या संग्रहावर ही यंत्रे घडली त्याच्या यादीत वस्तू आहेत ८०. माणूस आहे, सायकल, मोटार, मोटारसायकल, बस, ट्रक आहे. शिवाय बर्फावरून घसरण्याची पाटी आहे, बेसबॉलची बॅट आहे, केस वाळवण्याचे यंत्र आहे आणि भोक पाडलेला गोड वडाही आहे. रिक्षा नाही. हातगाडी नाही. बैलगाडी नाही. गाय आहे, म्हैस नाही. त्याआधीच्या एका युरोपीय संग्रहात २० वस्तू होत्या आणि त्यांत सोफा, जेवणाचे टेबल आणि कुंडीतले झाड होते; म्हणजे ती सरळसरळ कोणाच्या तरी दिवाणखान्याची यादी. हा दुष्टपणा नव्हे. ज्याच्या खिडकीतून जे दिसते ते त्याच्या यादीत येते.

आपल्या रस्त्यांच्या अभियंत्यांची यादी पाहा. १९९० साली इंडियन रोड्स काँग्रेसने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी वाहनांची वजने ठरवून दिली. एक मोटार म्हणजे १, सायकल अर्धी, ट्रक किंवा बस ३, हातगाडी ३, टांगा ४, आणि बैलगाडी ८. रस्ता अडवण्याच्या बाबतीत एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी! जी वस्तू आमच्या हिशेबात आठपट मोठी, ती यंत्राच्या हिशेबात शून्य.

हे अंतर भरून काढण्याचा एक चांगला प्रयत्न हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने केला. जवाहर, गिरीश वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद आणि बंगळूर परिसरातल्या रस्त्यांवर गाडी फिरवून १८२ फेऱ्यांतून १०,००४ चित्रे निवडली आणि २०१८ साली ती खुली केली. त्यांच्या यादीत रिक्षाला स्वतंत्र रकाना आहे, जनावरांना आहे, रस्त्याकडेच्या मातीलाही आहे. आणि कशातच न बसणाऱ्या वाहनांसाठी शेवटी एक उरलेसुरले घर आहे. मुकादमांना ते पाहून आनंद झाला असता.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, रिक्षेला मोटार म्हटले तर बिघडले काय? फाट्यावर फारसे बिघडत नाही. विदर्भात बिघडू शकते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली होती. अळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही, म्हणून घाबरलेला माणूस पुन्हापुन्हा फवारतो. कृषितज्ज्ञ सांगतात की शेतात कामगंध सापळे लावा, हेक्टरी पाच. मादीच्या गंधाने नर पतंग त्यात येऊन अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ आठ पतंग आले तरच फवारणीची वेळ आली असे समजा. सल्ला उत्तम, पण पंख तुटलेले, एकमेकांवर पडलेले, धुळीने माखलेले पतंग मोजावयाचे कोणी, आणि गुलाबी अळीचा पतंग कोणता नि दुसरा कोणता हे ओळखावयाचे कोणी?

मुंबईत कलिन्याला २०१८ साली सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने हे काम हाती घेतले. शेतकऱ्याने सापळ्यातले पतंग कागदावर पसरून मोबाइलने फोटो काढावयाचा. यंत्र आधी पाहते की फोटो सापळ्याचाच आहे ना. मग एकेका पतंगाभोवती चौकोन घालते, जात सांगते, मोजते आणि फवारावे की थांबावे ते कळवते. शेतात इंटरनेट नसते, म्हणून सारे जाळे इतके लहान केले की ते साध्या मोबाइलमध्येच बसावे. इथे मला बुडबुड्यांच्या पेटीची आठवण झाली: पुन्हा तेच, फोटोतले बारीक ठिपके, आणि त्यांतून खरे ते वेचून काढणे. फरक एवढाच की सात मोजले की नऊ, ह्यावर एका माणसाने पाठीवर विषाचा पंप चढवावयाचा की नाही ते ठरते. आणि यंत्राला ह्या पतंगांचा रकाना अमेरिकेच्या यादीतून मिळालेला नाही. तो आपल्या शेतांतल्या फोटोंवर, आपल्या कीटकशास्त्रज्ञांच्या नजरेने, एकेक चौकोन काढून भरावा लागला.

चौकोन काढणारे हे हात हा ह्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. कलकत्त्याच्या मेटियाब्रुझ वस्तीत मुली कचेरीत बसून परदेशातल्या रस्त्यांच्या फोटोंवर दिवसभर चौकोन काढतात. त्यांना त्या गावांतली चौकातली वळणे पाठ झाली असतील. १९६० च्या सुमारास उजेडाच्या मेजावर वाकलेल्या बायका, १९७९ साली कंदिलाशी बसलेले आम्ही, आणि ह्या मुली. आमचा धंदा एकच. यंत्राला जे दिसते ते आधी आम्हाला दिसलेले असते, आणि आम्ही डुलकी घेतली असेल तर तीही त्याच्यात उतरते.

मात्र एका बाबतीत मला यंत्रापुढे मान खाली घालावी लागली. त्या फोटोत कडेला, कठड्याजवळून, एक बाई डोक्यावर मोठे बोचके घेऊन चालली होती. यंत्राने तिच्याभोवती चौकोन घातला होता: ‘माणूस’. बोचके काय आहे ते त्याला कळले नव्हते, पण बाई त्याने मोजली होती. त्याच्या यादीत माणूस पहिल्या क्रमांकावर आहे. आमच्या तक्त्यात तो शेवटपर्यंत आला नाही.

नातीला तिच्या अभ्यासासाठी शीळफाट्याचे तीनशे फोटो चौकोन घालून हवे आहेत. यंत्राला रिक्षा शिकवावयाची आहे, हातगाडी शिकवावयाची आहे. गेला पंधरवडा आम्ही दोघे जेवणे झाल्यावर बसतो. आजी फराळाचे करता करता मधूनच डोकावते आणि “अहो, तो टेम्पो राहिला की” म्हणून चूक काढते. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. रकाने मी सुचवतो. ‘डोईवर ओझे’ हा मी हट्टाने घालावयास लावला. काल रात्री दोनशे अकराव्या फोटोत कंटेनरच्या मागे, पुलाच्या सावलीत, काहीतरी होते. दोन चाके दिसत होती, वर ताडपत्री, आणि खाली एक पाय. मी बराच वेळ पाहिले, डोळे चोळले, आणि सवयीने लिहिले, ‘इतर’.

“आबा, ‘इतर’ चालायचं नाही,” नात म्हणाली. “काय आहे ते सांगा.”

मी चित्र मोठे केले आणि पुन्हा पाहू लागलो.